लंगोट धुवायचे कोणी?

महागाई, बेकारी, जातीयता आणि पाणीटंचाई यांची चर्चा ज्या पानावर होते, त्या पानावर तान्ह्या मुलांच्या लंगोटांविषयी लिहिले जावे याचे काही कार्यकर्त्यांना नवल वाटेल. हा बायकांचा, फार तर आजीबाईंचा विषय. त्याचा राजकारणाशी संबंध काय, असेही कोणी विचारील. परंतु जे काम लक्षावधी घरांत रोज करावेच लागते, ज्याला पाणी, साबण, इंधन, जागा आणि श्रम लागतात, आणि जे जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांच्या माथी मारलेले असते, ते काम अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचे कसे? गिरणीतून बाहेर पडणाऱ्या कापडाच्या प्रत्येक वाराचा हिशेब अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके ठेवतात. त्याच कापडाचा पुढे लंगोट झाला, तो दिवसातून चार वेळा भिजू लागला आणि कोणाच्या तरी हातांनी धुतला जाऊ लागला, की तो हिशेबातून नाहीसा होतो. तो पुन्हा हिशेबात आणावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निमित्त असे की, ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील तरुण आईबापांना आज दोन बाजूंनी उपदेश ऐकावा लागतो. एक बाजू जाहिरातींची. ती सांगते की वापरून फेकायचा डायपर घ्या, बाळ रात्रभर झोपेल आणि तुम्हीही झोपाल. दुसरी बाजू पर्यावरणाची कळकळ असणाऱ्या सज्जनांची. ती सांगते की हा कचरा शेकडो वर्षे कुजत नाही, तेव्हा आजीच्या काळातल्या सुती लंगोटांकडे परत चला. पहिली बाजू नफ्यासाठी बोलते हे उघड आहे. दुसरीचा हेतू शुद्ध आहे, यातही शंका नाही. पण दोन्ही बाजू एका प्रश्नाला बगल देतात. फेकलेला डायपर उचलायचा कोणी आणि काढलेला लंगोट धुवायचा कोणी? आमचे म्हणणे असे की, लंगोटाचा प्रश्न हा मुळात कापडाचा नाही, श्रमाच्या वाटणीचा आहे. आणि ती वाटणी बदलल्याखेरीज ‘कापडाकडे परत चला’ ही हाक म्हणजे स्त्रियांना मोरीकडे परत पाठविण्याची हाक ठरते.

जुनी व्यवस्था कशावर उभी होती?

चोळे हे ठाकुर्लीचे जुने गाव. १९२९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या विजेवरील गाड्यांसाठी येथे वीजघर उभारले, त्यालाही लोक चोळ्याचे पॉवर हाऊस म्हणत. त्याभोवती रेल्वेच्या चाळी आल्या, मग बैठी घरे, मग लोकलने मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांच्या सोसायट्या, आणि आता बुरुजांसारख्या इमारती. या वस्तीत पन्नास-साठ वर्षांपूर्वी मूल जन्माला आले की त्याचे लंगोट विकत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. आजीची विटलेली लुगडी, आजोबांची जीर्ण धोतरे, आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या ट्रंकेतून बाहेर निघत. त्यांचे चौकोनी तुकडे करून त्रिकोणी घडी घातली की लंगोट तयार. उरलेल्या पदरांची दुपटी होत, काठांच्या नाड्या होत. बाळंतविड्यात झबली-टोपडी, कुंची आणि लाळेरी बाहेरून येत. लंगोट मात्र घरचेच असत.

या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिचे तीन आधार ध्यानात घ्यावेत. पहिला आधार जुन्या सुती कापडाचा. घरातील मोठी माणसे रोज सुती कापड नेसत होती, म्हणून ते झिजून मऊ होऊन बाळाच्या वाट्याला फुकट येत होते. आज घरातील रोजचा पेहराव बव्हंशी कृत्रिम धाग्याचा किंवा मिश्र कापडाचा झाला आहे. तो टिकतो, चटकन वाळतो, पण ओल शोषून घेत नाही. त्याचा लंगोट होऊ शकत नाही. म्हणजे जी वस्तू कुटुंबाला जवळजवळ फुकट मिळत होती, ती आता बाजारातून आणावी लागते. दुसरा आधार जागेचा. परसातली विहीर, धुण्याचा दगड, अंगणातली दोरी, चाळीची गॅलरी यांपैकी दोन-तीन गोष्टी तरी घरोघरी होत्या. तिसरा आधार स्त्रियांच्या अखंड उपलब्ध श्रमाचा. घरात सासू, नणंद, जाऊ किंवा बाळंतपणाला आलेली आई असे. ती नसेल तेथे परटीण किंवा मोलकरीण असे. गावगाड्यात तर बाळंतिणीचे धुणे, सोयर-विटाळाच्या कल्पनेला जोडून, विशिष्ट जातींतील स्त्रियांच्या गळ्यात बांधलेले असे. ज्यांनी ते धुतले त्यांना पसाभर धान्य मिळे. मान मिळत नसे. गाडगेबाबा परीट कुळात जन्मले आणि आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावे झाडीत फिरले. लोकांनी त्यांच्यापुढे हात जोडले. घाण काढणाऱ्याला हीन लेखण्याची सवय मात्र सोडली नाही.

आज हे तिन्ही आधार ढासळले आहेत. घर दोन खोल्यांचे आहे. नळाला पाणी ठराविक वेळी येते. पुष्कळ सोसायट्यांत दर्शनी बाजूला कपडे वाळत घालण्यास मनाई आहे, कारण इमारतीची शोभा जाते. सून कामावर जाते, आणि सासूही कित्येकदा कोठे तरी नोकरी किंवा घरकाम करीत असते. अशा घरात डायपर आला तो चैन म्हणून नव्हे. ढासळलेल्या आधारांच्या जागी लावलेला टेकू म्हणून आला. त्यासाठी आईला आळशी ठरविणारे कीर्तन बंद झाले पाहिजे.

डायपरचे बिल कोण भरतो?

तथापि डायपर निर्दोष आहे असे नव्हे. आधी घरचा हिशेब पाहू. पहिली अडीच वर्षे दिवसाला सरासरी सहा डायपर धरले, तर एका मुलामागे सुमारे साडेपाच हजार नग होतात. एका नगाला दहा रुपये धरले तरी ही रक्कम पंचावन्न हजारांच्या घरात जाते. ज्या घरात महिन्याचा पगार पंधरा-वीस हजार आहे, तेथे हा खर्च दुधाच्या आणि फळांच्या पैशातून निघतो. म्हणून मग एकच डायपर रात्रभर, किंबहुना सकाळपासून दुपारपर्यंत तसाच ठेवला जातो आणि बाळाच्या मांड्या लाल होतात. गरिबाला सोयदेखील अर्धीच परवडते.

दुसरे बिल घराबाहेर फाटते. डायपरमध्ये लाकडाचा लगदा असतो, पाणी शोषून फुगणारी रसायनाची भुकटी असते आणि त्यांवर प्लॅस्टिकचे आवरण असते. या तिहींचे मिश्रण विष्ठेने माखले की त्याचे खत होत नाही आणि भंगारात त्याला किंमत येत नाही. डायपरमधील विष्ठा संडासात टाकून मगच तो कचऱ्यात द्यावा, हे फार थोड्या घरांत पाळले जाते. परिणामी मलनिस्सारणाच्या वाटेने जायला हवा तो मैला कचऱ्याच्या डब्यातून, घंटागाडीतून सफाई कामगाराच्या हातापर्यंत येऊन पोहोचतो. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. पण कागदात न गुंडाळलेला, ओल्या कचऱ्यात फेकलेला डायपर हाताने वेगळा काढणारी बाई काय करीत असते? कायद्याच्या व्याख्येत ती बसो वा न बसो, तिच्या नाकाला आणि नखांना फरक कळत नाही.

कल्याण-डोंबिवलीला तर कचऱ्याचा धडा महागात मिळालेला आहे. घनकचऱ्याची विल्हेवाट नीट लावली जात नाही म्हणून २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने या शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यासच मनाई केली होती. पुढे ती उठली. कल्याणच्या आधारवाडीवर वर्षानुवर्षे साचलेला डोंगर, त्याला लागणाऱ्या आगी आणि त्याचा धूर या पट्ट्यातील लोकांनी सोसला. तेथे नवा कचरा टाकणे थांबले ते २०२१ साली. शहरात बांधकाम थांबविण्याइतका हा प्रश्न मोठा होता, आणि तरीही डायपर बनविणाऱ्यांना त्याचा जाब कोणी विचारला नाही.

वास्तविक नियम झाले होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या डायपरला ‘सॅनिटरी कचरा’ म्हटले गेले. तो गुंडाळून वेगळा देण्याची जबाबदारी घरावर टाकली गेली, आणि प्रत्येक नगामागे गुंडाळण्याची पिशवी पाकिटातच देण्याचे किंवा पुनर्वापरायोग्य साहित्य शोधण्याचे बंधन उत्पादकांवर घातले गेले. पिशवी किती जणांच्या हाती पडली हे वाचकांनी आपल्या घरच्या पाकिटात पाहावे. पुण्यात मात्र कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी हा प्रश्न स्वतः हाती घेतला. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. या स्त्रियांनी अशा कचऱ्याच्या पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालविली, म्हणजे उघडण्याआधीच आत काय आहे हे कळावे. २०१३ साली तर त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट बड्या कंपन्यांकडे परत पाठविल्या. ‘तुमचा माल, तुम्ही सांभाळा’ हे याहून सरळ भाषेत सांगणे शक्य नव्हते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, तो त्या पिशव्यांत भरलेला होता. तो शिकवायला आम्हाला चार तासिका लागत. त्या भगिनींनी टपालाने शिकविला.

कर आकारणीतही या प्रश्नाची सावली दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांच्या डायपरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. त्याला आमचा विरोध नाही. बाळाच्या गरजेवर जबर कर असू नये. पण कापडाचा लंगोट ज्या पावडरीने धुवायचा, तिच्यावरील कर १८ टक्केच ठेवला गेला. जी घरे फेकतात त्यांना सवलत आणि जी धुतात त्यांना नाही, ही विषमता कोणाच्या ध्यानातही आली नाही. कारण ज्यांच्या हाताला ती पावडर लागते त्या या बैठकांत क्वचितच असतात.

कापडाचा खरा हिशेब

आता कापडाकडे वळू. कापड निसर्गाला सर्वस्वी हितकर आणि डायपर सर्वस्वी घातक, असे सरसकट विधान टिकत नाही. इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका मुलाची अडीच वर्षे धरून, वापरून फेकायच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार वातावरणावर पडतो आणि कापडी लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो, असे त्यात आढळले. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण खरी गोम पुढे आहे. लंगोट यंत्र पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळविले आणि तेच दुसऱ्या मुलालाही वापरले, तर हा भार सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. उलट दर वेळी विजेच्या यंत्रात वाळविले तर ४३ टक्क्यांनी वाढतो. २०२३ साली ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या नव्या अभ्यासात कापडी लंगोटांचा भार डायपरपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला.

याचा अर्थ असा की, डायपरचा भार कारखान्यात ठरतो आणि लंगोटाचा घरच्या मोरीत ठरतो. आपल्याकडे तर पुष्कळ घरांत लंगोट हातानेच धुतले जातात आणि दोरीवर उन्हात वाळतात. तेव्हा आपल्याकडचा कापडी लंगोट निसर्गाच्या दृष्टीने फारच स्वस्त असणार, हे मान्य. पण तो स्वस्त का? इंग्लंडमध्ये जे काम वीज करते, ते येथे बाईचे मनगट करते म्हणून. जो धूर वाचला, तो कोणाच्या तरी कंबरेतून वसूल झाला आहे.

किती वसूल झाला? तान्ह्या मुलाचे दिवसाला बारा-पंधरा लंगोट निघतात. ते झटकणे, विसळणे, साबण लावणे, चोळणे, दोनदा खळबळणे, पिळणे, वाळत घालणे आणि घड्या घालणे यांस मिळून रोजचा एक तास धरू. मूल दीड वर्षाचे होईपर्यंत हे सुमारे ५४० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर ६७ दिवसांहून अधिक. म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळाची पूर्ण नोकरी, बिनपगारी, बिनरजेची आणि तीही बाळंतपणातून उठलेल्या शरीराने केलेली. पाण्याचेही तसेच. पंधरा लिटरच्या तीन बादल्या धरल्या तर रोजचे ४५ लिटर. शहरी माणसामागे दररोज १३५ लिटर पाणी असावे असे आपल्याकडचे मानक आहे. त्याचा एकतृतीयांश भाग एकट्या लंगोटांत जातो. ज्या घराला ते मानक कधी दिसलेच नाही, जेथे टँकरची वाट पाहावी लागते, त्या घराला कापडाचा उपदेश करणे ही थट्टा आहे.

आणि हा तास कोणाच्या वाट्याला येतो? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ८८ मिनिटे. त्यातही अशी कामे करणाऱ्या स्त्रिया शंभरांत ऐंशीहून अधिक आहेत, आणि पुरुष तिसाच्याही आतच. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, ही चांगली गोष्ट झाली. पण ती संघटित क्षेत्रातील स्त्रीला. तिच्या घरी येऊन जी बाई लंगोट धुते, तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिला एक दिवसाचीही पगारी रजा नसते. फार तर तिच्या जागी दुसरी बाई ठेवली जाते.

बादलीचे शास्त्र

हे काम हलके नाही तसे अडाणीपणाचेही नाही. त्याला शास्त्र आहे, आणि ते घरातील प्रत्येक प्रौढ माणसाला, पुरुषालाही, यायला हवे. तान्ह्या बाळाची शी म्हणजे घाण नव्हे, अशी प्रेमळ समजूत घरोघरी असते. ती खरी नाही. जुलाबाचे जंतू बाळाच्या विष्ठेतूनही तसेच पसरतात. म्हणून शी झालेला लंगोट प्रथम संडासात झटकावा व तेथेच पाण्याने धुवावा; स्वयंपाकघरातील मोरीत किंवा उघड्या गटारात कदापि नाही. आजी बाळाला पायांवर बसवून शी करविते ती पद्धत शहाणपणाची आहे. त्यामुळे धुण्याचे लंगोटच कमी होतात.

लगेच धुणे शक्य नसेल तर काढलेले लंगोट झाकणाच्या वेगळ्या बादलीत ठेवावेत. घरच्या इतर कपड्यांत मिसळू नयेत. लघवीचे लंगोट थंड पाण्यातून एकदा काढून पिळून ठेवले तर वास कमी येतो. ते तसेच साचून राहिले की जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतात. त्याचा उग्र वास सर्वांना परिचित आहे, आणि लंगोट नीट न धुता पुन्हा वापरला तर बाळाची कातडीही त्याने सोलवटते. साठवण एका दिवसापलीकडे, फार तर दोन दिवसांपलीकडे जाऊ देऊ नये. पुष्कळ घरांत लंगोट पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवतात. घरात रांगते मूल असेल तर ते धोक्याचे आहे. वीतभर पाण्यातही मूल डोके खाली जाऊन बुडू शकते. बादली कोरडी असावी, झाकलेली असावी आणि मुलाच्या हाताबाहेर असावी.

धुताना आधी थंड पाणी, कारण एकदम कढत पाण्याने डाग पक्के होतात. मग साबण आणि गरम पाणी. साबण बेताचा, खळबळणे भरपूर. अंगात राहिलेला साबणही बाळाच्या कातडीला जाळतो. कपडे मऊ आणि सुगंधी करणारी द्रावणे टाळावीत; त्यांनी कापडाची ओल शोषण्याची शक्ती कमी होते. डाग घालविण्याच्या पावडरीत क्लोरिन असेल तर ती लघवीने भिजलेल्या कपड्यांवर ओतू नये. त्यातून घातक वायू निघतो. ऊन मिळेल तेथे ऊन द्यावे. पावसाळ्यात पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर दुपटी शेकत. त्या धुराने बाळ-बाळंतीण दोघांनाही खोकला लागे. त्यापेक्षा पंख्याखाली वाळवून वरून कडक इस्त्री फिरवावी. दमट लंगोट वापरू नये. आणि पुढच्या मुलासाठी ठेवणीत टाकताना त्यात डांबरगोळ्या घालू नयेत. ज्या बाळांच्या रक्तात जन्मजात एका विकराची उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरेसा आहे. सर्व झाल्यावर हात साबणाने धुवावेत, हे सांगायला नको. तरी सांगितलेले बरे.

घराच्या भिंतीबाहेर

हे सारे ज्ञान आईला शिकवून आपले कर्तव्य संपले, असे मानणारे अनेक आहेत. येथेच समाजवादी विचाराची वाट वेगळी होते. लोहियांनी स्त्रीच्या प्रश्नांत पाणी, संडास आणि चुलीचा धूर यांना अग्रक्रम दिला, तेव्हा अनेक पंडितांना ते विषय ओंगळ वाटले होते. मृणाल गोऱ्यांना गोरेगावच्या लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले ते उगाच नव्हे. नळ हा राजकारणाचा विषय आहे, हे त्यांनी मोर्च्यांनी सिद्ध केले. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात स्त्रियांनी लाटणी हातात घेऊन स्वयंपाकघर रस्त्यावर आणले. मोरी मात्र अजून घरातच राहिली आहे.

ती बाहेर आणता येते, याला इतिहास साक्ष आहे. १८३२ च्या पटकीच्या साथीत लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतील किटी विल्किन्सन या कष्टकरी स्त्रीने आपल्या घरातील पाणी तापविण्याचा बंब शेजाऱ्यांना कपडे धुण्यासाठी खुला केला. दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, त्या शहराने सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईगृह उघडले. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२७ ते १९३० या काळात कामगारांसाठी कार्ल मार्क्स होफ ही तेराशेहून अधिक घरांची वसाहत बांधली, तेव्हा बालवाडी आणि स्नानगृहांबरोबर सामुदायिक धुलाईगृहेही बांधली. कामगाराला घर देताना त्याच्या बायकोची पाठही आपण पाहिली पाहिजे, इतके त्या नगरसेवकांना कळत होते. आपल्याकडे १९२५ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सरकारच्या ताब्यात आली आणि चारच वर्षांत सार्वजनिक पैशाने ठाकुर्लीचे वीजघर उभे राहिले. गाडीचे चाक फिरावे म्हणून सार्वजनिक भांडवल मिळाले. त्या गाडीने कामावर जाणाऱ्यांच्या घरातील चाक ज्या फिरवीत होत्या, त्यांच्यासाठी असे काही उभारावे, हे तेव्हा कोणाला सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. नव्या इमारतीला परवानगी देताना वाहनांसाठी जागा सक्तीने मागितली जाते. तशीच कपडे वाळविण्यासाठी उन्हाची, छपराची जागाही मागितली जावी. गच्चीला कुलूप लावणाऱ्या सोसायट्यांतील आपल्या सभासदांनी ते आधी उघडवावे. महापालिकेने प्रत्येक प्रभागात निदान एक सामुदायिक धुलाईकेंद्र काढावे. ते महिला बचत गटांच्या सहकारी संस्थेने रास्त वेतनावर चालवावे, आणि तेथे गरम पाण्याची यंत्रे व रबरी हातमोजे असावेत. ज्यांना डायपरच परवडतो किंवा ज्यांच्यापुढे दुसरा मार्ग नाही, त्यांच्याकडून तो वेगळ्या पुडीत घेतला जावा, आणि ती उचलण्याचा व नष्ट करण्याचा खर्च कंपन्यांकडून वसूल करून त्यातला वाटा सफाई कामगारांना मिळावा. धुण्याच्या साबण-पावडरीवरील कर डायपरवरील कराच्या बरोबरीला आणावा. आणि घरकामगार स्त्रियांना प्रसूती रजेचे संरक्षण मिळावे.

या मागण्यांसाठी निवेदने द्यावी लागतील, मोर्चे काढावे लागतील. त्याला वेळ लागेल. पण एका गोष्टीला महापालिकेची मंजुरी लागत नाही. सेवादलाच्या शिबिरात आपल्यापैकी अनेकांनी हाती झाडू घेतला, संडास साफ केले, आणि श्रमप्रतिष्ठेवर भाषणेही दिली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम हे व्रत म्हणून पत्करले, त्याचे दाखले आपण देतो. शिबिरातला तो झाडू सर्वांना दिसत होता. घरातली लंगोटांची बादली कोणाला दिसत नाही, आणि कसोटी तेथेच लागते. शिबिर आठ दिवसांत संपते, बादली रोज भरते. ज्या घरात नातू, मुलगा किंवा भाचा जन्मला आहे अशा प्रत्येक पुरुष कार्यकर्त्याने ती आठवड्यातून निदान तीन दिवस स्वतः धुवावी. मदत म्हणून नव्हे, आपला वाटा म्हणून. मग कापड की डायपर, हे त्या घराने खुशाल ठरवावे. धुणाऱ्यांच्या संख्येत पुरुषांची भर पडली की कोणता लंगोट चांगला यावर घरात प्रामाणिक चर्चा होईल, आणि धुलाईकेंद्राची मागणीही सभागृहात अधिक जोराने मांडली जाईल, अशी आमची खात्री आहे.